कान देऊन : डेथ, चक आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात 'ड्रमचे ठोके एकमेकांत मिसळून चिखल का होतो?' या प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं, की सुटा ठोका कसा असतो हे कळायला अमेरिकेतल्या 'डेथ' या डेथ मेटल (जड गिटार, सुसाट ड्रम आणि गुरगुरतं गायन) बँडचा 'ह्यूमन' हा १९९१ सालचा अल्बम ऐका. त्या एका ओळीवर आलेली पत्रं टेबलावर मावत नाहीत. काही रागाची, काही काळजीची, काही तर चक्क आनंदाने उड्या मारणारी. म्हणून हा अंक त्यांचाच. होम थिएटरवाले काका, तुमचा सबवूफर पुढच्या महिन्यात नक्की बघू.

माझा मुलगा बारावीला आहे. छातीवर 'डेथ' लिहिलेला काळा टी-शर्ट घालून फिरतो. सासूबाईंनी दिवेलागणीला तो घालायला बंदी केली आहे. हा काही पंथबिंथ आहे का? — एक आई, डोंबिवली

पंथ नाही हो, बँड. आणि तोसुद्धा आता नाही. ज्याचा तो होता तो गायक-गिटारवाला चक शुल्डिनर २००१ साली गेला, वयाच्या ३४व्या वर्षी.

चकचा जन्म १३ मे १९६७चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा. वर्षभरातच घरच्यांनी फ्लोरिडात बिऱ्हाड हलवलं. चक नऊ वर्षांचा असताना त्याचा मोठा भाऊ फ्रँक मोटार अपघातात गेला. पोरगं मिटून बसलं, म्हणून आईवडिलांनी हातात गिटार दिली. शिकवणीला घातलं, तर तिथे 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' वाजवायला लावलं. साहेबांनी शिकवणी सोडली. पुढे घरच्यांनी कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून विजेची गिटार आणून दिली, आणि मग त्याला खोलीबाहेर काढणं अवघड झालं. हे सगळं तुम्हाला ओळखीचं वाटत असेल.

१९८३ साली ओरलँडोजवळच्या अल्टामाँट स्प्रिंग्जमध्ये त्याने कॅम ली आणि रिक रॉझ या दोघांना घेऊन 'मँटस' नावाचा बँड काढला. मँटस हे 'व्हेनम' या इंग्लिश बँडच्या गिटारवाल्याचं टोपणनाव. पोरं सोळा-सतरा वर्षांची, सराव गॅरेजमध्ये. पुढच्या वर्षी नाव बदलून 'डेथ' केलं.

मुलाच्या टी-शर्टवरचं नाव एकदा जवळून बघा. इंग्रजी 'टी' हा उलट्या क्रुसासारखा असेल तर ते जुनं बोधचिन्ह. शेवटच्या काळात चकने तो साधा 'टी' करून टाकला. बँडला कुठल्याही धर्माच्या बाजूने किंवा विरुद्ध कुणी चिकटवू नये म्हणून. पंथवाले असं करत नाहीत.

दिवेलागणीचं म्हणाल तर सासूबाईंचं ऐकायला सांगा. टी-शर्ट रात्री आठनंतरही घालता येतो.

तुम्ही सुचवलेलं ऐकलं. चाळीस वर्षं संगीत शिकवतो आहे, यात मला स्वर सापडला नाही. तुम्हाला सापडला असल्यास कळवावे. — निवृत्त संगीतशिक्षक, मिरज

सर, तंतुवाद्यांच्या गावातून पत्र आलं म्हटल्यावर उत्तर जपून द्यायला हवं.

आधी गिटार कशी लावली आहे ते सांगते. नेहमीच्या गिटारपेक्षा सगळ्याच्या सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवलेल्या. तार सैल, आवाज जड. त्यात उजव्या हाताच्या तळव्याची कड घोडीजवळ तारांवर टेकवून वाजवतात, त्यामुळे नाद उठतो आणि लगेच गुदमरतो. त्या दबलेल्या नादावर ॲम्प्लिफायरची भरपूर विकृती (डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम आणलेली खरखर). आता या थरात तुम्ही षड्ज शोधायला निघालात तर चिडचिड होणारच. स्वर आहे, तो ठोक्याच्या पोटात आहे. पहिल्यांदा ऐकताना गळ्याकडे लक्ष देऊ नका, डाव्या आणि उजव्या स्पीकरमधल्या दोन गिटार काय बोलतात तेवढंच ऐका.

तेही जमत नसेल तर दोन ठिकाणं सांगते. 'ह्यूमन'मधल्या 'लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन'ची सुरुवात. शांत, स्वच्छ गिटार, विकृतीचा लवलेश नाही. आणि १९९८च्या 'द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स'मधला 'व्हॉइस ऑफ द सोल' हा तुकडा. त्यात गायन अजिबात नाही. अकूस्टिक गिटार छेडत राहते आणि तिच्यावर विजेची गिटार आळवून आळवून तेच म्हणते. हा तुकडा ऐकूनही तुम्ही 'नाही' म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

डेथ मेटल नक्की कुणी सुरू केलं? आमच्या हॉस्टेलवर यावरून मारामारी व्हायची वेळ आली आहे. एक गट 'पझेस्ड'चा, एक 'डेथ'चा. — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

अल्बम आधी कुणाचा, यावर भांडत असाल तर पझेस्डवाले जिंकले. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या या पोरांचा 'सेव्हन चर्चेस' १९८५ला आला, आणि त्यातल्या शेवटच्या गाण्याचं नावच 'डेथ मेटल'. डेथचा पहिला अल्बम 'स्क्रीम ब्लडी गोर' त्यानंतर दोन वर्षांनी, मे १९८७मध्ये.

पण मित्रा, त्या काळात अल्बम ही शेवटची पायरी होती. खरी गंमत कॅसेटींची. 'मँटस'ने १९८४ साली 'डेथ बाय मेटल' नावाचा डेमो, म्हणजे नमुन्याची कॅसेट, केला, मग डेथ नावाने 'रेन ऑफ टेरर', १९८५ला 'इन्फर्नल डेथ'. हे डेमो दुकानात मिळत नव्हते. हाताने झेरॉक्स करून काढलेल्या चोपड्यांमध्ये पत्ते छापलेले असायचे. तुम्ही तुमची एक कॅसेट पोस्टाने पाठवायची, समोरचा त्याच्याकडची पाठवणार. फ्लोरिडाच्या गॅरेजमधला आवाज असा युरोपात पोचला, तोही कुठल्याही कंपनीच्या मदतीशिवाय. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी कॅसेट. प्रत्येक प्रतीत झांजांची वरची धार झिजत जाते आणि फितीचा 'हिस्स' वाढत जातो. चौथ्या-पाचव्या प्रतीत उरतो तो खालचा गुरगुराट आणि एक धूसर भिंत. माझा आपला एक तर्क आहे : लांबच्या गावात बसून ज्यांनी हे संगीत नुसत्या कानाने उचललं त्यांनी मूळ बँड उचललाच नाही, ती झिजलेली प्रत उचलली, आणि आपला बँड तसाच वाजवला. याला पुरावा विचारू नका, पण मी बरीच वर्षं कॅसेटी कॉपी केल्या आहेत.

शिवाय हा मान चकने स्वतः कधी घेतला नाही. आपण एका मेटल बँडमधला माणूस आहोत, एवढंच तो म्हणायचा. तुम्हीही मारामारी आवरा.

विकिपीडियावर बघितलं तर या बँडमधून इतकी माणसं येऊन गेलीत की मोजता मोजता दमलो. याला बँड कसं म्हणायचं? भांडकुदळ होता का हा माणूस? — सहकारी बँकेतला एक वाचक, कोल्हापूर

तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मी नाटकांना साउंड देते, त्यामुळे मला यात परकं काही वाटलं नाही. ही जुन्या वळणाची नाटक कंपनी होती. मालक, मुख्य नट आणि लेखक एकच. बाकीचे नट हंगामापुरते. फक्त चकला हे कळायला सात वर्षं आणि एक मोठं भांडण लागलं.

क्रमाने सांगते. १९८५मध्ये रॉझ आणि ली दोघेही सुटले. चक माणसं शोधत सॅन फ्रान्सिस्कोला गेला, जमलं नाही. १९८६च्या सुरुवातीला कॅनडात टोराँटोला जाऊन 'स्लॉटर' नावाच्या बँडमध्ये शिरला आणि थोड्याच दिवसांत परतला. पुन्हा सॅन फ्रान्सिस्को. तिथे क्रिस रायफर्ट नावाचा ड्रमवाला पोरगा भेटला. दोघांनी 'म्यूटिलेशन' डेमो केला, त्यावर 'कॉम्बॅट रेकॉर्ड्स'ने करार दिला. 'स्क्रीम ब्लडी गोर'वर ड्रम रायफर्टचे आणि गिटार, बेस (खालच्या सुरांची गिटार), गायन सगळं चकचं. अल्बम झाला आणि चक फ्लोरिडाला परत निघाला; रायफर्ट कॅलिफोर्नियातच राहिला आणि त्याने 'ऑटॉप्सी' काढला, जो आजही अनेकांना डेथपेक्षा जवळचा आहे.

फ्लोरिडात चकने 'मॅसॅकर' या बँडमधले तिघे घेतले : जुना रिक रॉझ, बेसवर टेरी बटलर, ड्रमवर बिल अँड्र्यूज. १९८८चा 'लेप्रसी' त्यांच्यासोबतचा. हा टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत झाला. मॉरिस बंधूंचा हा स्टुडिओ म्हणजे पुढे या संगीताची पंढरीच झाली. ऑबिच्युअरी, डिइसाइड, मॉर्बिड एंजल हे सगळे बँड तिथे. कॅनिबल कॉर्प्स तर बफलोहून उठून टँपाला राहायला आले. रॉझ पुन्हा गेला, जेम्स मर्फी आला, १९९०ला 'स्पिरिच्युअल हीलिंग' झाला, मर्फीही गेला.

आणि मग ते भांडण. १९९०च्या शेवटाला जर्मनीच्या 'क्रिएटर'सोबत युरोपचा दौरा ठरलेला. व्यवस्था नीट नाही असं म्हणत चकने ऐन वेळी अंग काढून घेतलं. बटलर आणि अँड्र्यूज काय करतात? सामान उचलणाऱ्या साथीदारांपैकी एकाला गायला उभं करतात, एकाला गिटार देतात, आणि 'डेथ' या नावाने दौरा करून येतात. चकने वकील गाठला. त्या काळच्या मासिकांनी त्याला लहरी, बेभरवशाचा वगैरे ठरवून टाकलं. माझं विचाराल तर ऐन वेळी प्रयोग रद्द करणाऱ्याबद्दल मला फार माया नाही. ज्यांनी ट्रक भरलेला असतो त्यांची बाजू मला माहीत आहे. पण मालकाशिवाय त्याच्याच नावावर प्रयोग लावणं हे त्याहून वाईट.

त्यानंतर चकने कायमचा संच ठेवणं बंद केलं. जे गाणं डोक्यात आहे त्याला लागणारा माणूस बोलवायचा, रेकॉर्ड करायचं, निरोप द्यायचा. आणि इथूनच बँड असा काही उसळला, की आधीचे तीन अल्बम दुसऱ्याच कुणाचे वाटावेत.

'ह्यूमन'साठी त्याने मायामीच्या 'सिनिक' या बँडमधले दोघे उचलले : गिटारवर पॉल मास्विडाल, ड्रमवर शॉन रेनर्ट. दोघे जेमतेम विशीतले, कान जॅझ फ्यूजनवर, म्हणजे जॅझ-रॉकच्या मिश्रणावर, पोसलेले. बेसवर 'सेडस'चा स्टीव्ह डिजॉर्जिओ. पहिलं गाणं 'फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्स' लावा. सुरुवातीला काहीच नाही. मग ड्रम लांबून येतात, आवाज हळूहळू चढत जातो, आणि पायाचे दोन्ही बेस ड्रम इतके सारखे पडतात की दाराशी येईपर्यंत तुम्ही श्वास धरून बसता. मी गेल्या अंकात जे म्हटलं ते हे. पायाचा ठोका वेगळा, हाताने वाजवायचा टॉम ड्रम वेगळा, झांज वेगळी, कुणी कुणाच्या अंगावर नाही. अख्खा अल्बम ३४ मिनिटांचा. एकही मिनिट कापायला मिळणार नाही. (रेनर्ट आणि मास्विडालने २०१४ साली आपण समलिंगी आहोत हे जाहीर सांगितलं. ज्या संगीताला लोक निव्वळ मर्दानी आरडाओरड समजतात, त्याचा हा सर्वांत देखणा अल्बम अर्धा त्यांचा आहे. रेनर्ट २०२०मध्ये गेला.)

पुढचं भराभर. १९९३च्या 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स'वर ड्रमला जीन होगलन, ज्याला लोक अणुघड्याळ म्हणतात. सोबत डेन्मार्कच्या किंग डायमंडकडचा गिटारवाला अँडी लारॉक, आणि डिजॉर्जिओ पडदे नसलेली बेस घेऊन. १९९५च्या 'सिंबॉलिक'मध्ये होगलन टिकला, बाकी नवे. १९९८ला सगळेच नवे. त्यातला ड्रमवाला रिचर्ड क्रिस्टी पुढे अमेरिकन रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमात रमला, हे तुमच्या बँकेतल्या सहकाऱ्यांना चहाच्या वेळी सांगायला उपयोगी पडेल.

तर भांडकुदळ होता का? थोडा होता. पण येऊन गेलेल्यांपैकी बरेच जण २०१२पासून 'डेथ टू ऑल' या नावाने एकत्र येऊन त्याचीच गाणी वाजवत फिरले. नुसत्या भांडकुदळ माणसासाठी कुणी एवढं करत नाही.

गाणी रक्तामांसाचीच आहेत ना सगळी? माझी भाची ऐकते म्हणून विचारते. — परिचारिका, पुणे

पहिल्या अल्बमची, हो. भयपट बघणाऱ्या पोरांनी लिहिलेली गाणी आहेत, झोंबी आणि आतडी. त्यात फार शोधू नका.

दुसऱ्यापासून तो बदलतो. 'लेप्रसी'वर 'पुल द प्लग' नावाचं गाणं आहे. यंत्रावर जिवंत ठेवलेला रुग्ण बोलतो आहे, मला आता सोडवा म्हणतो आहे. १९८८ सालचं, विशी-एकविशीतल्या मुलाने लिहिलेलं. तुम्ही परिचारिका आहात, तुम्हाला मी अरुणा शानबाग यांची आठवण करून द्यायला नको. १९७३ साली परळच्या केईएममध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि २०१५पर्यंत, ४२ वर्षं, त्या तिथेच अंथरुणावर होत्या. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये त्यांच्यापुरती फेटाळली, पण त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे उपचार थांबवण्याची, वाट अटी घालून मोकळी केली. केईएमच्या परिचारिकांनी त्या याचिकेला विरोध केला होता, आणि इतकी वर्षं त्यांची सेवाही त्यांनीच केली होती. गाणं एकाच बाजूने बोलतं; खाटेभोवतीच्या बाकीच्यांचं त्यात काही नाही. तुमचं मत माझ्याहून पक्कं असेल.

पुढे 'लिव्हिंग मॉन्स्ट्रॉसिटी' आहे, आईच्या कोकेनच्या व्यसनाची शिक्षा भोगत जन्मलेल्या बाळावर. 'सिंबॉलिक'मधलं 'क्रिस्टल माउंटन' धर्माच्या नावाने मिरवणाऱ्या ढोंग्यांवर, '१,००० आइज' सतत पाळत ठेवणाऱ्या समाजावर. तेही १९९५मध्ये, खिशात कॅमेरे यायच्या आधी. भाचीला ऐकू द्या. शक्य असेल तर गाण्याचे शब्द समोर ठेवून तुम्हीही ऐका, कारण नुसते ऐकून शब्द कळणार नाहीत हे मलाही मान्य आहे.

मला तसा आवाज काढायचा आहे. दोन दिवस प्रयत्न केला, घसा बसला. — वय १९, छत्रपती संभाजीनगर

बसणारच. तू घसा खरवडतो आहेस. खऱ्या स्वरतंतूंच्या थोडं वर मांसल घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. जाणकार गायक त्या घड्या थरथरवतो आणि हवेचा जोर पोटातून आणतो. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही : हा आवाज समोर उभं राहून ऐकला तर वाटतो त्याच्या मानाने बराच लहान असतो. तो मोठा करतो माइक, अगदी ओठांशी धरलेला, आणि मागे बसलेला माझ्यासारखा माणूस. तू घरात माइकशिवाय रेकॉर्डइतका मोठा आवाज काढायला गेलास, तिथेच फसलास.

दुखलं की थांब. आठवड्यात आवाज पूर्ववत झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव, यूट्यूबला नको.

आणि चकच्या आवाजाचा प्रवास ऐक. सुरुवातीला जाड गुरगुर, 'सिंबॉलिक'पर्यंत वर चढलेला, शेवटच्या अल्बमवर टोकदार किंकाळी. त्याला स्वतःला असं गाण्याचा कंटाळा आला होता. सुरेल गळ्याच्या गायकासाठी त्याने 'कंट्रोल डिनाइड' नावाचा दुसरा बँड काढला, टिम एमर या गायकाला घेतलं आणि स्वतः फक्त गिटार धरली. त्याचा अल्बम १९९९ला आला.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात एवढ्या नावाजलेल्या कलाकाराच्या उपचारासाठी वर्गणी काढावी लागली, हे खरं का? — लातूर

खरं. आधी मान दुखत होती, नस दबली असेल असं वाटलं. १३ मे १९९९ला, म्हणजे त्याच्या ३२व्या वाढदिवसालाच, कळलं की मेंदूच्या बुंध्यात गाठ आहे. किरणोपचार झाले, जानेवारी २०००मध्ये न्यूयॉर्कला शस्त्रक्रिया झाली, गाठीचा काही भाग निघाला. मधल्या काळात त्याने पुन्हा गाणी रचायला घेतली. २००१मध्ये आजार उलटला. आधी विमा नव्हता. नंतर घेतला, तर हा आजार विम्याच्या आधीचा म्हणून पैसे नाकारले गेले. घरच्यांनी होतं नव्हतं ते घातलं. चाहत्यांनी कार्यक्रम केले, कॉर्न, किड रॉक, रेड हॉट चिली पेपर्स या बड्या रॉकवाल्यांनी आपल्या वस्तू लिलावाला दिल्या. केमोथेरपीने शरीर खचलं, त्यात न्यूमोनिया झाला. १३ डिसेंबर २००१ला तो गेला.

डेथ मेटल त्याच्या हयातीत कधीच श्रीमंत धंदा नव्हता. पोस्टरवर मोठं नाव आणि खिशात फार काही नाही, हे आपल्याकडच्या नाटकवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्याच्यामागे त्याची आई, जेन शुल्डिनर, हिने त्याचं काम आणि नाव सांभाळलं.

आपल्याकडे कुणी हे करतं का, की नुसती उसनवारी? — ठाणे

करतात, आणि बरंच चांगलं करतात. मुंबईचा 'डीमॉनिक रिझरेक्शन' २०००पासून आहे. साहिल मखिजा, टोपणनाव डीमनस्टीलर, हा त्याचा कर्ताधर्ता. इथेही मालक एक आणि माणसं बदलती. त्यांचा २०१७चा अल्बम आहे 'दशावतार'. मत्स्य ते कल्की, अवतारागणिक एक गाणं. कोकणातल्या जत्रेतला दशावतार डोळ्यांपुढे आणून ऐकू नका, निराशा होईल. पण 'नरसिंह' लावून बघा. हा गृहस्थ स्वयंपाकाचे व्हिडिओही करतो आणि त्यासाठी ओळखणारे लोक मला जास्त भेटतात. 'गटस्लिट' हा दुसरा मुंबईकर बँड, यांचा मारा कितीतरी निर्दय. पगडी घालून बेस वाजवणारा त्यांचा सरदार एकदा पाहिला की विसरत नाही.

आमच्या वेळी धोबी तलावचं रंगभवन होतं. झेवियर्स कॉलेजशेजारी, उघड्यावर. तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' या रॉक महोत्सवाला केबल गुंडाळत मी हा धंदा शिकले. आसपास रुग्णालयं, त्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि ते बंद पडलं. नियम चुकीचा होता असं म्हणता येत नाही. जागा मात्र दुसरी तशी झाली नाही.

सुरुवात कुठून करू? — अनेक वाचक

'सिंबॉलिक'पासून. त्यात चाल लगेच हाताला लागते. मग 'ह्यूमन'. मग मागे 'लेप्रसी'. 'द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स'ला लोक डोक्यावर घेतात. मला तो मधूनमधून पाल्हाळ वाटतो, आणि शेवटी 'जुडास प्रीस्ट' या इंग्लिश बँडचं 'पेनकिलर' गाताना चक जी किंचाळी मारतो ती ऐकून आमची मांजर कपाटावर जाते. 'स्पिरिच्युअल हीलिंग'ची घाई नाही. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीही ऐकू नका. त्याला खालचे सूर पेलत नाहीत. उरते ती फक्त माशांची भुणभुण, आणि मग तुम्ही मला पत्र लिहिता.

तुम्ही सांगितलेला बँड शोधून ऐकला. तीन कृष्णवर्णीय भाऊ आहेत, झटपट रॉक वाजवतात, फारच आवडले. पण यात गुरगुराट कुठे आहे? — वर्धा

तुम्ही भलताच डेथ ऐकलात. तो डेट्रॉइटचा, डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी या भावांचा. त्यांनी १९७५ला गाणी रेकॉर्ड केली, म्हणजे चक तेव्हा सात-आठ वर्षांचा. मोठी कंपनी पैसे लावायला तयार होती, अट एकच, नाव बदला. यांनी बदललं नाही, करार गेला, फिती घरात पडून राहिल्या आणि अल्बम निघाला थेट २००९मध्ये. पंक (रांगडा, झटपट रॉक) हा शब्द रुळायच्या आधीचं पंक आहे ते. गुरगुराट शोधत बसू नका, आवडलंय ना, तेच पुन्हा लावा.